आधी खरवड, मग रंग

कॉव्हेन्ट्री,
२४ मे

प्रिय भावा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर मी मुद्दामच थांबवलं होतं. तू विचारलंयस, "चार चाकांना चंदेरी रंग द्यायला तीन महिने कसे काय लागतात? आमच्याकडं सकाळी दिलेला जॉब संध्याकाळी पावडर कोटिंग होऊन दारात येतो." म्हटलं, चौथं चाक गाडीला लागेपर्यंत याला उत्तर द्यायचं नाही. काल संध्याकाळी ते लागलं. आज सुट्टी आहे, चहाचा कप शेजारी आहे, नखांच्या कडेला अजून चंदेरी रंग आहे. आता सगळं सविस्तर लिहितो.

गाडी तू फोटोत पाहिली आहेस. लाल, बुटकी, दोनच माणसांची, दिवे बॉनेटमध्ये मिटून घेणारी. माझदा एमएक्स-५, १९९२ची. हे मॉडेल फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढं आलं. इंग्लंडच्या उघड्या टपाच्या जुन्या गाड्या, विशेषतः साठच्या दशकातली लोटस एलान, नजरेसमोर ठेवून हिरोशिमाच्या लोकांनी ती घडवली. चाकांचंही तेच. सात आऱ्यांचं, १४ इंची, फुलासारखं दिसणारं चाक. ही गाडी बाळगणारे सगळे त्याला 'डेझी' म्हणतात. त्याचा चेहरा मिनिलाइटशी नातं सांगतो. मिनिलाइट म्हणजे साठच्या दशकात शर्यतीच्या मिनी गाड्यांवर दिसायचं ते आठ आऱ्यांचं मॅग्नेशियमचं चाक. म्हणजे इंग्लंडचं रूप जपानला गेलं, तिथं ओतलं गेलं आणि माझ्या गाडीबरोबर पुन्हा इंग्लंडात आलं. माझा या चाकांवर एवढा जीव का, त्यातलं अर्धं कारण हे.

उरलेलं अर्धं कारण तुला लगेच पटेल. टायर काढल्यावर एक चाक मी घरच्या वजनकाट्यावर ठेवलं. साडेपाच किलोच्या आसपास भरलं. एका हातानं सहज उचलता येतं. अख्खी गाडीच हजार किलोच्या आतली, आणि तिला असं हलकं चाक. स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन जितकं कमी तितका टायर खड्ड्यातून बाहेर आल्या आल्या पुन्हा रस्त्याला धरतो. हातातल्या स्टिअरिंगला ते कळतं. पुष्कळ लोक अशा जुन्या गाड्यांना मोठी, जड, १६-१७ इंची चाकं बसवतात. दिसायला भारी दिसतात, पण गाडीची चाल बिघडते. म्हणून नवी चाकं घेण्याचा विचार मी एकदाही केला नाही.

आता दुखण्याकडं येतो. चार वर्षांपूर्वी हीच चाकं मी एका वर्कशॉपला दिली होती. तीन दिवसांत लखलखीत करून दिली त्यांनी. मी खूश. दुसऱ्या हिवाळ्यानंतर आऱ्यांच्या मुळाशी फोड दिसायला लागले. नखानं एक फोड उचकटला तर चकचकीत पापुद्र्याखाली पांढरी भुकटी. म्हणजे जुन्या गंजावर नुसता कागद फिरवून वरून रंग मारला होता. टायरही उतरवला नव्हता. टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचून फवारणी केली होती, हे नंतर रंगाच्या सरळ सरळ तुटलेल्या कडांवरून कळलं. पत्त्यांची युक्ती तशी वाईट नाही, घाईच्या कामाला चालते. पण रंग जिथं संपतो तिथून पाणी शिरतं, आणि तो रंग रिमच्या ऐन कडेलाच संपला होता. पैसे गेले त्याचं एवढं वाटलं नाही. चार वर्षं धातू आतल्या आत खाल्ला जात होता आणि मी वरून पॉलिश करत होतो, याचं फार वाईट वाटलं.

इथल्या हिवाळ्याची तुला कल्पना यायची नाही. बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर रात्री मिठाच्या गाड्या फिरतात. तांबूस, जाडं खनिज मीठ. बरंचसं चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. ती खाण १८४४मधली. नोव्हेंबर ते मार्च हे खारं पाणी चाकांवर उडत राहतं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही हे खरं. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि तोच त्याला राखतो. पण मीठ त्या थराला भेदतं. एखादा खडा उडून लॅकरला टिचकी बसली की तिथून खारं पाणी आत जातं आणि लॅकरखालून पुढं पुढं सरकत राहतं. तुझ्या जुन्या घराच्या भिंतीवर वाळवीच्या मातीच्या रेघा चढलेल्या आठवतात? अगदी तशा नागमोडी रेघा चंदेरी रंगाखाली उमटतात, फक्त पांढऱ्या. याला फिलिफॉर्म गंज म्हणतात. वरून बघणाऱ्याला रेघ दिसते तेव्हा खालचं काम केव्हाच झालेलं असतं.

तेव्हा मला तुझे आबा आठवले. खंडेनवमीच्या आधीचे आठ दिवस, उद्यमनगरातलं तुमचं शेड, आणि आपण दोघं हाफ पँटीत. पूजेआधी सगळ्या मशिनींना करडा रंग द्यायचा असायचा. शेजारच्या शेडांत ग्रीसवर, पापुद्र्यांवर तसाच ब्रश फिरायचा. आबा मात्र आपल्या हातात पत्रा आणि तारेचा ब्रश द्यायचे आणि म्हणायचे, "आधी खरवड, मग रंग." दोन दिवस आपण नुसतं खरवडत असायचो. तुझी तर बोटं सोलली होती. यंदा फेब्रुवारीत गॅरेजमध्ये पहिलं चाक मांडीवर घेतलं आणि ते वाक्य त्यांच्या आवाजात ऐकू आलं. खरं सांगायचं तर यातला बराचसा काळ खरवडण्यातच गेला.

सगळ्यात आधी टायर उतरवून घेतले आणि वजनं काढली. बॅलन्सिंगची शिशाची वजनं इथं नव्या जमान्यात लावत नाहीत, पण माझ्या एका चाकाला जुनी क्लिपची वजनं तशीच होती. क्लिप पोलादी, चाक अ‍ॅल्युमिनियमचं, मधे खारं पाणी. दोन धातूंची जणू बॅटरीच झाली. क्लिप काढली तर खाली बरोबर तिच्या मापाचा खड्डा. आता मी चिकटवायची वजनं आतल्या बाजूला लावून घेतली आहेत, कडेला क्लिप नकोच. टायर जिथं रिमला बसतो त्या पट्टीवरही पांढरी खपली होती. दर आठवड्याला एका टायरची हवा दोन-तीन पौंडांनी का उतरायची, त्याचं उत्तर तिथं मिळालं. व्हॉल्व्हही नवे घातले.

मग धुणं. ब्रेकची भुकटी म्हणजे लोखंडाचे बारीक कण. ते तापून लॅकरमध्ये रुततात आणि तिथंच गंजतात. त्यावर मारायचं एक रसायन मिळतं. फवारलं की लोखंड असेल तिथं जांभळे ओघळ सुटतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. आमच्या घरातल्या मंडळींनी गॅरेजकडची खिडकी बंद करून घेतली. पण ते जांभळं पाणी वाहताना बघण्यासारखं असतं, कुठं किती घाण रुतलीय याचा नकाशाच समोर येतो.

रंग उतरवण्याच्या द्रवाची मात्र पूर्वीसारखी धार राहिलेली नाही. मेथिलीन क्लोराईडवाले जुने स्ट्रिपर घरगुती गिऱ्हाइकाला विकायची इथं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे; बंद खोलीत त्याच्या वाफेनं माणसं दगावली आहेत. नवा द्रव लावायचा, वर प्लास्टिक गुंडाळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पापुद्रे ओढायचे, पुन्हा लावायचं. एका चाकाला असे चार फेरे. कॉस्टिक सोडा वापरायचा मोह मी टाळला. तुला सांगायला नको, कॉस्टिक रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातो, हायड्रोजन सुटतो तो वेगळाच. पोलादी तारेचा ब्रशही लावला नाही. त्याच्या तारांचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि पुढं तिथूनच गंज धरतो. आबांची तारेची शिकवण बिडाच्या मशिनीसाठी बरोबर होती. इथं नायलॉनचा आणि पितळी तारेचा ब्रश घेतला.

आणि मग पॉलिश पेपर. १२० नंबर, १८०, २४०, मग पाण्याखाली ४००. फुटपाथच्या कडेला घासून पडलेले ओरखडे बारीक कानशीनं उतार देऊन मिटवले. पुट्टीनं भरता आले असते, पण कड ही पुन्हा मार खाणारी जागा, तिथं पुट्टी टिकत नाही. चाकाच्या आकारात एक-दीड मिलिमीटर गेला, डोळ्याला दिसतही नाही. तडा मात्र कुठं आहे का, हे प्रत्येक आऱ्याच्या मुळाशी भिंग लावून पाहिलं. तडा सापडला असता तर ते चाक भंगारात गेलं असतं; तडा बुजवून चालणारी ही वस्तू नव्हे. एकही नव्हता.

याच सुमारास शेजारचे आजोबा डोकावू लागले. तरुणपणी ते कॅनलीच्या ट्रायम्फच्या कारखान्यात रंगशाळेत होते. तिथलं गाड्यांचं उत्पादन १९८० साली बंद पडलं. एके दिवशी त्यांनी माझं 'तयार' चाक हातात घेतलं, खिशातला सुती रुमाल काढला, चाकावर पसरला आणि डोळे मिटून रुमालावरून बोटं फिरवायला लागले. चौथ्या आऱ्यावर थांबले. मला म्हणाले, इथं हात लाव. उघड्या बोटाला मला काहीच लागलं नाही. रुमालावरून लागलं, केसाएवढी पायरी, जुन्या रंगाची उरलेली कड. कातडी धातूला चिकटते म्हणून ती फसवते, कापड घसरतं म्हणून ते खरं सांगतं. त्यांनी पाच मिनिटांत नऊ जागा दाखवल्या. मी चाकं पुन्हा २४०वर नेली. तिथं तीन आठवडे गेले, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही.

आता तुझ्या पावडर कोटिंगकडं येतो, कारण यात तुझा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे. पावडर टणक, दगडांचा मार सोसणारी, आणि हजारो चाकं तशी करून वर्षानुवर्षं चालतात, हे मी मानतो. पण तू फाउंड्रीत एलएम२५ हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू ओततोस, ओतीव चाकं बहुधा त्याच घराण्यातल्या मिश्रधातूची असतात. त्याला टी-सिक्सची उष्णता-प्रक्रिया देताना शेवटी तू १५५ ते १७५ अंशांवर काही तास ठेवतोस. पावडर पिकते १८० ते २०० अंशांवर, पंधरा-वीस मिनिटं. एकदा केलं तर फारसं बिघडत नाही. पण जुना रंग जाळून काढायच्या भट्टीत काही जण चाक चारशे अंशांच्या आसपास नेतात, आणि त्यानंतर त्या धातूत टी-सिक्सचं काय उरतं, ते तूच सांग. दुसरी गोष्ट पोरॉसिटीची. तीस वर्षं मीठ खाल्लेल्या कास्टिंगच्या बारीक भोकांत काय काय दडलेलं असतं! भट्टीत ते वायू होऊन वर येतं आणि पिकत्या पावडरीला फोड आणतं. चांगला कारागीर आधी कोरं चाकच तापवून घेतो, सगळं बाहेर येऊ देतो, मग पावडर मारतो. तसा विश्वासाचा माणूस मला इथं मिळाला नाही. तू शेजारी असतास तर चाकं डोळे झाकून तुझ्याकडं दिली असती.

तेव्हा रंग. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा प्रायमर पकड धरत नाही, आधी एचिंग प्रायमरचा पातळ हात हवा. त्यात आम्ल असतं, ते धातूला चावतं. घासणं संपलं की रेंगाळायचं नाही, त्याच तासात तो मारायचा. वर जाड प्रायमरचे तीन हात. बारीक खड्डे त्यात भरून येतात. पुन्हा ६०० नंबरचा वॉटर पेपर. मार्चमध्ये इथंवर येऊन मी थांबलो. गॅरेज आठ अंशांवर, हवेत ओल. अशा हवेत मारलेला रंग दुधाळ पडतो. एप्रिलच्या अखेरीपर्यंत नुसती वाट पाहिली.

चंदेरी रंग हा रंगांमध्ये सगळ्यात हळवा. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात आणि त्या कशा आडव्या बसतात यावर सगळं तेज अवलंबून. हात जड पडला, थर ओला झाला की चकत्या पोहत एका जागी गोळा होतात आणि ढगाळ डाग पडतो. म्हणून डबा आधी कोमट पाण्यात ठेवायचा, वीत-सव्वावीत अंतर ठेवायचं, फवारा चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. आधी आऱ्यांच्या बाजू आणि आतल्या कडा, दर्शनी चेहरा शेवटी. फिरत्या स्टुलावर चाक ठेवून मी चार हलके हात दिले. पहिल्या हातानंतर चाक राख फासल्यासारखं मळकट दिसतं. चौथ्या हाताला, खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं, आणि सातही आरे एकदम जागे झाले. मी डबा खाली ठेवला आणि नुसता बघत बसलो. आत जाऊन घरात सगळ्यांना बोलावून आणलं.

वरचं लॅकर मी साधं, एक घटकाचं वापरलं. दोन घटकांचं, म्हणजे 'टूके', नक्की जास्त टिकतं, पेट्रोल सांडलं तरी मऊ पडत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं की दम्याचं दुखणं जन्माचं मागं लागतं. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि नीट बूथ असल्याशिवाय ते मारू नये. शेजारच्या आजोबांचे दोन सोबती त्यात गेले, असं ते सांगतात. तुझ्या युनिटमध्ये पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून टूके मारत असतील तर कृपा करून आजच थांबव. हे मी फार कळकळीनं लिहितोय.

दोन जागा मी कोऱ्या ठेवल्या. चाक हबला टेकतं ती मागची सपाटी, आणि नट बसतात त्या बसका. तिथं रंगाचा थर राहिला तर तो दाबाखाली चेपतो, आणि तेवढाच नटाचा ताण कमी होतो.

बरं, ज्याच्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं ते राहिलंच. आऱ्यांच्या मागच्या बाजूला भुकटीचा काळा, डांबरासारखा थर होता. तो निघाल्यावर खालून ओतीव अक्षरं वर आली: रिमचं माप, आणि बाजूला ऑफसेटचा आकडा, ४५. चार वर्षांपूर्वीच्या रंगाखाली ती बुजून गेली होती. कडा अजून इतक्या धारदार, की साच्यातून कालच निघाल्यासारख्या. दातकोरणीनं अर्धा दिवस एकेक आकडा साफ केला आणि प्रायमर तिथं अगदी धुक्यासारखा मारला, म्हणजे पुन्हा भरून जायला नको. बाजूला साच्याच्या जोडाची रेघ आहे आणि फेटलिंग करणाऱ्यानं ती घासताना हाताची जी लय धरली होती तिचे ओरखडेही आहेत. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी हे चाक हातात धरून साफ केलं. ते ओरखडे मी घासले नाहीत. रंगाखाली आहेत, दिसत नाहीत, पण आहेत.

रंग देण्याआधी त्या अक्षरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. तो कागद सोबत पाठवतोय. जोडाची रेघ नीट उठली आहे. ती बघून धातू कुठून सोडला असेल ते तुला ओळखता येईल का? तुझ्या म्हाताऱ्या मोल्डरलाही दाखव.

लॅकरला आठवडाभर वाळू दिलं, मग टायर चढवून बॅलन्सिंग करून घेतलं. हबच्या कड्याला तांब्याच्या ग्रीसचं बोट फिरवलं, नट हातानं बसवले, समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळले आणि शेवटी टॉर्क पाना ११० न्यूटन मीटरवर लावून चारही नटांवर 'टक' ऐकलं. माझदाचं माप ९० ते ११८ आहे. आता ७०-८० किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचे. उद्या सकाळी स्ट्रॅटफर्डला जाऊन येतो, पत्र परतल्यावरच पोस्टात टाकतो.

आईंना साष्टांग नमस्कार. वहिनींना आणि मुलांना आठवण.

तुझाच,
उद्यमनगरातला सोबती

ता. क. जाऊन आलो. सोळापैकी पंधरा नट जागचे हलले नाहीत. मागच्या डाव्या चाकाचा एक थोडा फिरला. काढून पाहिलं तर बसकेत प्रायमरचा तिळाएवढा ठिपका राहिला होता. खरवडला, फडक्यानं पुसला, पुन्हा आवळला.